उतरणीची बाजू

एखाद्याची बाजू घेऊन भांडणं हा हृषीकेश शेर्लेकरांचा पिंडच नव्हता. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली, पण पुस्तकं दाबून बसलेल्या पोरांनासुद्धा ते "जमलं तर आणून द्या हं" एवढंच म्हणत. हॉटेलात चहा गार आला तर गार चहा पीत. बोलायला तोंड उघडण्याआधीच आपलं चुकत तर नाही ना, ही शंका त्यांच्या घशाशी येऊन बसायची. अशा माणसानं आयुष्यात एकाच गोष्टीसाठी लोकांशी वैर घेतलं होतं, आणि ती गोष्ट होती एक व्हिडिओ गेम. तोही असा की जो झाडून सगळ्यांना नावडला होता.

'जासूद' ही गेमची मालिका त्यांच्या पिढीनं डोक्यावर घेतली होती. जासूद म्हणजे जुन्या काळी खलिते घेऊन पळणारा निरोप्या. पहिल्या भागातला सुभाना जासूद वाऱ्यासारखा धावायचा. घाट, ओढे, करवंदीच्या जाळ्या, काही म्हणजे काही त्याला अडवायचं नाही. दुसऱ्या भागात तो आणखी जोरात धावायचा. मग बऱ्याच वर्षांनी तिसरा भाग आला, 'जासूद : उतरण'. लोकांनी सुट्ट्या टाकून, दारं लावून घेऊन तो सुरू केला, आणि पाहतात तो सुभाना म्हातारा झालेला. गुडघा धरलेला. आणि बनवणाऱ्यांनी धावायचं बटणच काढून टाकलेलं!

त्या आठवड्यात जी बोंबाबोंब झाली तिला तोड नव्हती. 'जासूद की पेन्शनीच्या रांगेतला म्हातारा?' अशी चित्रं फिरली. त्यातून शेवट तर असा की, ज्याला खलिता द्यायचा तो माणूस सुभाना पोचायच्या आधीच गेलेला असतो. दारात त्याची सून उभी. तिला वाचता येत नाही, सुभानालाही येत नाही. खलिता तसाच राहतो, मिटलेला. "एवढं चालवून घेता आणि पत्रसुद्धा वाचून दाखवत नाही?" असा टाहो लोकांनी फोडला. कंपनी बुडाली. बनवणारे पांगले.

शेर्लेकर तेव्हा ऐन तिशीत होते. त्यांनी धीर करून नेटवर त्या भागाच्या बाजूनं चार पानं लिहिली. पहिलंच उत्तर आलं, "आजोबांना कुणीतरी झोपवा रे." आणि ते लिहिणारा होता त्यांचा जिवलग मित्र, धैर्यशील चौगुले.

त्याला पुष्कळ वर्षं लोटली. आता दोघेही खरेच आजोबांच्या वयाचे झाले होते, आणि त्या दिवशी सकाळी चौगुले शेर्लेकरांच्या दारात उभे होते. आत येण्याआधीच ओरडले, "हृष्या, पेढं काढ! उतरणीचं श्राद्ध ठरलं!"

"म्हणजे?"

"दुरुस्तीचा अर्ज मंजुरीला लागला. आमच्या जासूदप्रेमी मंडळाचा. अध्यक्ष कोण? आम्ही." चौगुल्यांनी खुर्ची ओढून बूड टेकलं. "सुभाना पळणार लका! घोड्यागत पळणार. खलित्याचा धनी जित्ता राहणार, खलिता वाचणार, गळ्यात गळा घालून रडणार. रसमापकानं नवी उतरण काढलीया, मी बघितली. एक नंबर."

शेर्लेकरांच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं. "आणि जुनी?"

"जुनी कशाला पाहिजे?"

*

जुनी का राहणार नव्हती, हे समजायला रसमापकाची गोष्ट सांगावी लागेल.

यंत्र तसं साधं होतं. मनगटाला एक पट्टी आणि डोळ्यांना चष्मा. माणूस गाणं ऐकत असताना, सिनेमा बघत असताना किंवा गेम खेळत असताना त्याच्या डोळ्याची बाहुली किती रुंदावते, कातडीला किती घाम सुटतो, काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कसं कमीजास्त होतं, गालाचा कुठला बारीक स्नायू हलतो, हे ते टिपायचं. लाखो माणसांवर शिकून शिकून त्याला असं साधलं होतं की या खुणांवरून दर क्षणाला माणसाला किती आवडतंय याचा एक आकडा काढता यावा. त्याला रसांक म्हणत. आकडा जिथं पडेल तिथं दुसरं यंत्र ती जागा नव्यानं रचायचं, पुन्हा माणसांवर पाहायचं, पुन्हा रचायचं. असं करत करत गाण्यांतली रेंगाळणारी कडवी गेली, सिनेमांतले गप्प बसलेले प्रसंग गेले, आणि कुणाचं फारसं काही बिघडलं नाही.

पूर्वी अशा गोष्टींवर लोकांची मतं मागवत. पण यंत्रं स्वतःच मतं लिहू लागली, एका रात्रीत दहा लाख तक्रारी पडू लागल्या, तेव्हा सरकारनं नियम केला की शब्द मोजायचे नाहीत, शरीरं मोजायची. शरीराला खोटं बोलता येत नाही. आणि दुसरा नियम असा की एका कृतीची आवृत्ती एकच राहील. सगळं सर्व्हरवरच असायचं. दुरुस्ती मंजूर झाली की जुनं सगळीकडून एकदम पुसलं जाई.

वाचवायला एकच वाट होती. कुणीही एका माणसानं हरकत घ्यायची आणि आपलं मापन करून द्यायचं. त्याला ती कृती खरोखरच आवडते असं रसांकानं दाखवलं, तर ती आहे तशी राहायची. अर्जदारालाही शेवटी मापन देऊन आपली नावड सिद्ध करावी लागे, पण तो नुसता उपचार असे.

"हरकत किती जणांनी घेतलीय?" शेर्लेकरांनी विचारलं.

"कोण घेतंय? सगळ्या जगात तुझ्याशिवाय गाढव कोण हाय?"

शेर्लेकर खिडकीशी गेले. मग ते म्हणाले, "मी घेतो."

चौगुले हसले. "तुला आता ती पटणारच. आता तुझाबी गुडघा धरलाय."

"तेव्हा नव्हता धरला, धैर्या. तेव्हा मी तुझ्यापेक्षा जोरात पळायचो. तेव्हाही पटली होती."

*

रसमापन केंद्रातली खोली गार होती. शेर्लेकरांची मुलगी ओवी त्याच केंद्रात इंजिनीअर होती. बाबांचं मापन तिनं घ्यायचं नाही असा नियम असल्यानं ती काचेपलीकडे उभी राहून नुसती बघत होती. पट्टी दुसऱ्या कुणी बांधली. दार बंद झालं आणि समोर घाट उलगडला.

सुभाना उतरू लागला. एक पाऊल, काठी, दुसरं पाऊल. खडकाळ उतरणीवर त्याचा श्वास लागला आणि तो एका धोंड्यावर बसला. इथं खेळणाऱ्याला काहीच करता येत नाही. कुठलंही बटण दाबा, म्हातारा उठत नाही. याच जागेवर हजारो लोकांनी रिमोट आपटले होते.

बसून राहिलं की हळूहळू दरीतले आवाज ऐकू येऊ लागतात. मग वळणाआडून धूर दिसतो. मग कळतं, तिथं एक घर आहे. घरातून एक बाई तांब्या घेऊन येते, पाणी देते आणि विचारते, "कुठलं म्हणायचं तुम्ही?" ज्या खोऱ्यानं सुभानाचे पोवाडे गायले, त्या खोऱ्यातली ती बाई त्याला ओळखत नाही.

तिशीत हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा शेर्लेकरांनी घाईघाईनं पहिला भाग काढला होता. तीच उतरण, जिच्यावरून ते शेकडो वेळा सुसाट गेले होते. या वेळी बटण न दाबता ते पावलापावलानं चालले. आणि ते घर तिथंच होतं. छपरासकट, दारासकट, दारातल्या तांब्यासकट. पहिल्या भागापासून कुणीतरी ते रेखाटून ठेवलं होतं, धावणाऱ्याला ते दिसणार नाही हे माहीत असून. त्या दिवशी शेर्लेकरांच्या अंगावर काटा आला होता. चार पानं लिहिली ती त्या काट्यापोटी.

पण काटा नंतर आला होता. खेळताना नव्हे.

ही गोष्ट त्यांना आकडा पाहिल्यावर उमगली. पडद्यावरची रेघ तळाला घासत होती. कंटाळा, चुळबुळ, बाई "कुठलं" म्हणते तिथं सरळ दुखणं. सगळ्या मापन झालेल्या लोकांच्या सरासरीपेक्षाही त्यांचा रसांक कमी होता.

नियमाप्रमाणे त्यांना दुरुस्त आवृत्तीही दाखवली. सुभाना धावला. दरी मागं पडली, वारा कानात घुमला, पावलांचा जुना ताल वाजला, आणि शेर्लेकरांच्या डोळ्यांना आनंदानं धारा लागल्या. वसतिगृहातली चौगुल्यांबरोबरची ती खोली, एकच रिमोट, एक चालवणार आणि दुसरा बडबडणार, सगळं परत आलं. रेघ वर, आणखी वर, पडदा फाडून जाईल अशी गेली.

चष्मा काढून ठेवताना त्यांना स्वतःची लाज वाटली. आपण इतकी वर्षं खोटंच बोलत होतो की काय? का नुसता हटवादीपणा?

*

केंद्राच्या कँटीनमध्ये ओवीनं त्यांच्यापुढे उपीट ठेवलं. स्वतः काही घेतलं नाही.

"बाबा, उद्या सुनावणी आहे. आजचा आकडा गेला तर हरकत पहिल्या मिनिटाला फेटाळली जाईल."

"माहीत आहे."

ती पुढे वाकली, आवाज उतरवला. "प्रत्येक माणसाची पट्टी आधी जुळवून घ्यावी लागते. म्हातारी कातडी कोरडी असते, ती जुळणी किती करायची हे आमच्यावर असतं. आजच्या नोंदीत मी तुमची जुळणी थोडी वर धरली तर रेघ वर जाईल. कुणाला कळणार नाही."

"तुझी नोकरी?"

"कळलं तर जाईल. नाही कळणार." तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "लहानपणी मला झोपवताना तुम्ही त्या बाईची गोष्ट सांगायचात. तांब्या घेऊन येणाऱ्या. मी गेम कधी खेळलेच नाही, पण ती बाई मला माहीत आहे. तिला पुसून टाकायची नाहीये मला."

शेर्लेकर उपिटात चमचा फिरवत राहिले. मोह पडला नाही असं नाही. पण मनात काहीतरी अडलं होतं आणि ते काय आहे हे त्यांना बोलता बोलताच कळत गेलं.

"ओवी, रेघ वर गेली तर काय ठरेल? की उतरण लोकांना सुखवते. म्हणून राहू द्या. पण ती नाही गं सुखवत. ती मलाही छळते. ज्यानं तिला बनवलं त्यानं छळायलाच बनवली. तिला आवडती म्हणून जगवायची तर मग ती दुरुस्तच करा की. ती राहायची तर नावडती म्हणूनच राहिली पाहिजे."

"असा नियम नाहीये, बाबा!"

"मग नियम चुकलाय."

ओवी बघतच राहिली. आपले बाबा कुठल्या नियमाला चूक म्हणताना तिनं आजवर ऐकलं नव्हतं. मग ती चिडून म्हणाली, "म्हणजे तुमच्या तत्त्वासाठी ती बाई गेली तरी चालेल?"

उपीट तसंच गार झालं.

*

सुनावणीच्या खोलीत चौघंच होते. अधिकारी तांबोळी मॅडम, चौगुले, शेर्लेकर, मागच्या खुर्चीवर ओवी. बाजूच्या भिंतीवरच्या पडद्यावर जासूदप्रेमी मंडळाचे सभासद आपापल्या घरून जमले होते आणि आपसात खिदळत होते.

"शेर्लेकर," तांबोळी मॅडम म्हणाल्या, "तुमचा रसांक पाहिला. तुम्हाला ही कृती आवडत नाही असं दिसतं."

"खेळताना आवडत नाही, मॅडम."

पडद्यावर हशा पिकला. शेर्लेकरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एरवी ते इथंच खाली बसले असते.

"आणि दुरुस्त केलेली फार आवडते. तेही यंत्रानं बरोबर टिपलंय. यंत्राचं काही चुकलं नाही." त्यांनी टेबलाची कड धरली. "माझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात मी तिच्याजवळ बसायचो. तेव्हा माझ्या मनगटाला ही पट्टी असती तर रेघ तळालाच दिसली असती. म्हणून ते बसणं कुणी दुरुस्त करायला पाहिजे होतं का? तुम्ही त्या क्षणाचं सुख मोजता. काही गोष्टींची चव तोंडातून गेल्यावर लागते. त्याला महिना लागतो, कधी वीस वर्षं लागतात. तेवढा वेळ तुमची पट्टी कुणाच्या हाताला राहत नाही. माझं शरीर माझ्या विरुद्ध साक्ष देतंय, ठीक आहे, देऊ दे. पण मी म्हणजे नुसता माझा घाम नव्हे. माझी हरकत कायम आहे. फेटाळा, पण कायम आहे."

पडद्यावरचं कुणीतरी म्हणालं, "आजोबांना झोपवा रे." पण या वेळी कुणी हसलं नाही.

तांबोळी मॅडमनी घसा साफ केला. "तुमचं म्हणणं ऐकलं. नियमात त्याला जागा नाही. हरकत फेटाळावी लागेल. आता फक्त अर्जदाराचं मापन. चौगुले, ही कृती तुम्हाला नावडते हे दाखवायचं आहे. पंधरा मिनिटं खेळा, संपलं."

चौगुले उठले, पट्टी बांधून घेतली, आणि रिमोट उचलताच त्यांचा हात लटलट कापू लागला. कंपाचा आजार त्यांनी मंडळापासून लपवला होता. शेर्लेकरांना ठाऊक होता.

"मॅडम, हात चालत न्हाई माझा. हा चालवंल, मी बघतो. आमचं पहिल्यापासनं असंच हाय."

मॅडमनी नियम पाहिले. बघणाऱ्याचं मापन चालत होतं. शेर्लेकर मुकाट्यानं शेजारी बसले, रिमोट हातात घेतला. घाट उलगडला.

"झालं सुरू," चौगुले म्हणाले. "बघा मंडळी. चाललं बघा म्हातारं, लगीनघरातनं उपाशी निघाल्यागत. आरं हृष्या, त्या चिखलातनं कशाला घालतोस?"

"वाटच तिथून आहे."

"वाट न्हाई, शिक्षा हाय ही! आणि त्या काठीचा आवाज ऐक. टक् टक् टक्. सुतारपक्षी हाय का जासूद? आता बसंल बघ. बसला! बसला धोंडा बघून! मी काय म्हणतो, एवढा घाट घडवला, एक बाकडं टाकायला काय झालं हुतं?"

"धैर्या, बाई येईल आता."

"यील की. सावकाश यील. मेकअप करायलीया. आणि आल्यावर काय इचारणार? 'कुठलं म्हणायचं तुम्ही?' आगं बये, दोन भाग बघितलं न्हाईस व्हय? ह्या माणसानं तुझ्या खोऱ्यासाठी कड्यावनं उड्या मारल्यात, आणि तू…" चौगुल्यांना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी शेर्लेकरांच्या मांडीवर थाप मारली. "आणि हा माझा दोस्त इतकी वर्षं मला सांगतोय, की ह्यातच मजा हाय!"

मागून ओवीचा आवाज आला. "मॅडम, रसांकाची रेघ बघा."

रेघ छताला टेकली होती. त्या केंद्रात आजवर कुठल्याच गेमसाठी, कुठल्याच सिनेमासाठी एवढा रसांक नोंदला गेला नव्हता.

"यंत्र बिघडलंय," मंडळातलं कुणीतरी ओरडलं.

"यंत्र बिघडलेलं नाही," ओवी म्हणाली. "त्यांना अतिशय मजा येतेय. शिव्या घालायची येतेय की गेमची, हे यंत्राला वेगळं करता येत नाही. शरीराला ते एकच."

तांबोळी मॅडमनी कपाळाला हात लावला. "चौगुले, अर्जदाराची नावड सिद्ध होत नसेल तर अर्ज रद्द होतो. पण तुम्हाला फेरमापन मागता येईल. एकट्यानं, गप्प बसून. ते आत्ता घेऊ."

पडद्यावर गलका झाला. "मागा, अध्यक्ष! मागा फेरमापन! पंधरा मिनिटांचं काम!"

शेर्लेकर हळूच म्हणाले, "दे मापन, धैर्या. हे असं जिंकणं बरं नव्हे. तुला खरंच आवडत नाही ती."

"न्हाईच आवडत." चौगुले पट्टीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "हृष्या, पहिल्या दोन भागांवर आपण शेवटचं कधी बोललो, सांग बघू?"

शेर्लेकरांनी आठवून पाहिलं. आठवेना.

"बघ. ते आवडलं, संपलं. आणि ह्या भिकारड्या गेमवर तू मला सुखानं जेवू दिलं न्हाईस की झोपू दिलं न्हाईस. माझ्या पोरीच्या लग्नात मांडवात भांडलास."

"तू भांडलास."

"तेच. नवी उतरण मी बघितली ना, हृष्या. एक नंबर हाय. दुसऱ्या दिवशी काय बघितलं ते आठवंना." त्यांनी पट्टी सोडवली आणि टेबलावर ठेवली. "मॅडम, फेरमापन नको."

पडद्यावरून एकच कल्लोळ उठला. "विकले गेले! अध्यक्ष विकले गेले!" एक जण तर मंडळातून काढून टाका म्हणून ओरडत होता.

"काढा!" चौगुले त्याहून मोठ्यानं गरजले. "गेम भिकार हाय, असं मी मरंपर्यंत सांगणार! पण सांगायला ती जाग्यावर पाहिजे का नको? तुमची गोड गोड उतरण घालून मी कुणाला शिव्या घालू, लेकानो?"

तांबोळी मॅडमनी अर्ज रद्द केला आणि मंडळाचा पडदा बंद केला. उतरण आहे तशी राहिली. ओवी खुर्चीतून उठली नव्हती. डोळे पुसत ती समोरच्या भिंतीवर बघत होती, कारण गेम अजून चालूच होता. बाई तांब्या घेऊन दारातून निघाली होती.

"आली बघ महाराणी," चौगुले सुरू झाले. "आता इचारंल, कुठलं म्हणायचं…"

ज्यांनी जन्मात कुणाचं बोलणं तोडलं नव्हतं ते हृषीकेश शेर्लेकर भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "थोबाड मीट, धैर्या. तिला बोलू दे."